वापसीवाला मास्तर

आमच्या वरच्या खोलीत एक मास्तर भाड्याने राहत होता. कॉलेजात पोरांना बोलणं शिकवायचा. पहिल्यांदा त्यानं हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, थट्टा करून राहिला. बोलणं काय शिकवायचं? पोट्टं दोन वर्षांचं झालं की आपोआप बोलतं, पुढचा सगळा जन्म त्याला गप बसवण्यात जातो.

"पाटीवर जनसंवाद लिहिलं हाय, काकाजी," तो म्हणाला. "खरं म्हणजे मी ऐकणं शिकवतो. पण ऐकण्याच्या डिग्रीले कोण ॲडमिशन घेईल?"

मी सातवी शिकलेला माणूस. सगळी नोकरी उमरेडच्या लाल बसवर ड्रायव्हर म्हणून काढली. मी म्हटलं, "मग मलेही द्या डिग्री. जन्मभर हॉर्न वाजवला, तोही संवादच हाय."

दुसरा कोणी असता तर हसून सोडून दिलं असतं. हा दुसऱ्या दिवशी चार पोट्टे घेऊन अंगणात हजर. म्हणे, काकाजी, यांना हॉर्नचं सांगा. मी त्या पोट्ट्यांना फाटकाबाहेर काढलं. बायको खिडकीतून पाहत होती, पदर तोंडाला लावून इतकी हसली की खोकला लागला. या मास्तराचं असंच होतं. तुम्ही सहज काही म्हटलं तर तो ते धरून ठेवायचा. त्याच्यासमोर फालतू बोलायची सोय नव्हती.

वयानं पन्नाशीचा असेल. मूळचा सावनेरकडचा, घरात एकुलता एक, लग्न केलेलं नाही. का नाही केलं ते मी विचारलं नाही, बायकोला सगळं माहीत होतं. त्याच्या दाराला बेल होती ती त्यानं काढली आणि दोरीला एक स्टीलची थाळी टांगली, बाजूला पळी. आलेल्या माणसानं पळी थाळीवर मारायची. मी म्हटलं, हे काय देऊळ हाय?

"बेल वाजली का एवढंच समजते का कोणीतरी आलं," तो म्हणाला. "पळी मारली का कोण आलं, कायले आलं, रागात हाय का भुकेनं, सारं समजते. तुमचे दोन दणके पडले का मी पहिले नळ बंद करतो."

नळाचं खरं होतं. नळ चालू ठेवून हा गॅलरीत उभा, खाली कोण काय बोलून राहिलं ते ऐकत. टाकी रिकामी झाली की मी वर जायचो.

वर्गातही तो आपलीच बोली बोलायचा. करून राहिलो, काहून, मले, तुले. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की पोरं उद्या टीव्हीवर बातम्या वाचणार आहेत, त्यांच्या कानावर हे काय घालता? हा म्हणाला, "सर, ते उद्या टीव्हीशी बोलतील. आज माह्याशी बोलून राहिले ना." त्याची नोकरी पक्की नव्हती, दर वर्षी नव्यानं नेमणूक व्हायची. अशी माणसं प्राचार्यांसमोर हात बांधून उभी राहतात. हा तिथेही आधी त्यांचं पूर्ण ऐकून घ्यायचा आणि मग नाही म्हणायचा. ऐकून घेऊन नाही म्हटलं की समोरच्याला जास्त लागतं. मला तर लागायचं.

माझी नात, मुलीची मुलगी, उमरेडहून आमच्याकडे शिकायला आली. मी म्हटलं नर्सिंग कर, हाताला काम राहील. तिनं वरच्या मास्तराच्या कॉलेजात जनसंवाद घेतला. मी बायकोवर ओरडलो, मुलीला फोन करून ओरडलो. काही उपयोग झाला नाही. घरातल्या तिन्ही बायका आधीच एक झाल्या होत्या.

पहिल्या दिवशी मास्तर वर्गात आला, खुर्चीवर बसला आणि तासभर एक शब्द बोलला नाही. पोट्टे आधी हसले, मग मोबाईल काढले, मग एकेक करून उठून गेले. शेवटी माझी नात आणि आणखी दोघं उरली. तास संपला तसं त्यानं तिला विचारलं, "तू काहून थांबली वं?"

ही म्हणाली, "सर, बाहेर ऊन आहे आणि इथे कूलर आहे."

"जमलं," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी खरं बोलली."

आणि मग त्यानं त्यांना वापसी शिकवली. हा त्याचा सगळ्यात मोठा वेडेपणा, आणि तो नीट समजून घ्या, कारण पुढं सगळं त्यावरच आहे. एकानं बोलायचं. दुसऱ्यानं ऐकायचं. मधात प्रश्न नाही, सल्ला नाही, 'माझंही असंच झालं होतं' नाही. त्याचं बोलणं संपलं की ऐकणाऱ्यानं ते आपल्या शब्दांत त्याला परत करायचं. तुम्ही असं म्हणता का, म्हणून. बोलणारा 'हो, हेच' म्हणाला तर झालं. 'नाही' म्हणाला तर पुन्हा. तो 'हो' म्हणेपर्यंत मार्क नाहीत. आणि बोलणारा माणूस कॉलेजातला नसावा, बाजारातला, रस्त्यावरचा, घरातला पाहिजे.

आमच्या चौकातल्या भाजीवालीपुढे एक पोट्टा दुपारी वापसीला बसला. ती 'नाही रे बाबू, असं नाही' म्हणत गेली आणि तोवर सगळा सांबार, म्हणजे कोथिंबीर, त्याच्याकडून निवडून, जुड्या बांधून, विकून घेतला. दिवे लागायच्या वेळेस 'हो' म्हणाली.

नवीन पोरांचा हात बसावा म्हणून मास्तर आधी त्यांना माझ्या बायकोपुढे बसवायचा. ती रोज संध्याकाळी त्याच्यासाठी भाकर आणि काहीतरी कोरड्यास घेऊन वर जायची आणि वरच्या पायरीवर बसायची. पोट्टे खालच्या पायऱ्यांवर. ती आपलं माहेरचं सांगायची, पहिल्या बाळंतपणाचं सांगायची, मेलेल्या भावाचं सांगायची. मी खालून चहासाठी आवाज द्यायचो. ती येत नसे. एकदा मी रागावलो तर म्हणाली, "तिथे मले कोणी मधात तोडत नाही."

मी म्हटलं, मी तोडतो का?

ती म्हणाली, "पाहा, आत्ताच तोडलं."

मास्तराची आणखी एक खोड सांगायची राहिली. तो खोटं बोलत नसे. आपण सगळेच म्हणतो मी खोटं बोलत नाही. याचं तसं नव्हतं, याला ते येतच नसे. बायकोची वांग्याची भाजी लागली, तर हा म्हणायचा, "काकू, जळली हाय. पण खातो." एवढं चालतं. पण आमच्या बाजूच्या घरी पोराच्या लग्नाची बोलणी सुरू होती. मुलीकडचे लोक रीतीप्रमाणे मोहल्ल्यात चौकशीला आले. आपण अशा वेळी काय सांगतो? पोरगा हिरा हाय, सुपारीचंही व्यसन नाही. ते लोक नेमके मास्तराला जाऊन भेटले. यानं सांगितलं, "पोरगा चांगला हाय. नोकरी दिवाळीतच सुटली त्याची, घरच्यांनी सांगितलं असेलच." सांगितलं नव्हतं. लग्न मोडलं. बाजूचे लोक आमच्याशीही बोलेनासे झाले. मी वर जाऊन दोन दणके हाणले. म्हटलं, तोंड बंद ठेवता येत नव्हतं का?

"त्यांनी विचारलं, काकाजी. न विचारता मी कवा बोललो?"

म्हणून बायकोचं दुखणं निघालं तेव्हा मला कॅन्सरपेक्षा आधी या माणसाची भीती वाटली. हे कोणाला विचित्र वाटेल, वाटो.

तिचं पोट दुखायचं, वजन उतरलं, रक्त जायला लागलं तसं मोठ्या दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला आणि नातीला बाहेरच्या बाकाजवळ गाठून सांगितलं. मास्तर तिथेच होता, डबा घेऊन आला होता. आतड्यात गाठ आहे, कॅन्सरची. मोठं ऑपरेशन लागेल. आतड्याचा तुकडा काढतील, पोटावर पिशवी बसेल, कदाचित कायमची. साखर आणि हृदय पाहता टेबलावर धोका आहे. आणि सगळं नीट झालं तरी परत येणार नाही याची खात्री नाही. केलं नाही तर, डॉक्टर म्हणाले, काही महिने. "पेशंटशी बोलून घ्या आणि सोमवारी भरती करा."

मी हो म्हटलं. बोललो मात्र नाही. आपल्याकडे बोलत नाहीत. माझ्या बापाला सांगितलं नव्हतं, सासूला सांगितलं नव्हतं, आणि ते लोक मरेपर्यंत उद्या बरं वाटेल म्हणत गेले. मी नातीला सांगितलं, आजीजवळ एक शब्द काढायचा नाही. उमरेडला मुलीला आणि जावयाला फोनवर तेच. बायकोला सांगितलं, साधी गाठ हाय, बटाट्याएवढी, काढून टाकतील, आठवड्यात घरी. ती म्हणाली, बरं.

मग राहिला मास्तर. संध्याकाळ झाली की बायको भाकरीचं ताट उचलायची आणि मी बाजेवरून उठून बसायचो. पहिल्या दिवशी म्हटलं, पायऱ्या चढू नको, थकशील. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूहळू चढून गेली. मी जिन्याखाली उभा राहिलो, कान वर. वरून फक्त तिचाच आवाज येत होता, गंजाचं, म्हणजे पातेल्याचं, बूड बदलून आणायचं काहीतरी. ती खाली आली तोवर माझी बनियन भिजली होती. दुसऱ्या दिवशी मी नातीच्या हाती ताट पाठवलं. बायको संध्याकाळभर भिंतीकडे तोंड करून पडली.

पोट्टीचे हाल त्याहून वाईट. तिला त्याच आठवड्यात घरातल्या माणसाशी वापसी करायची होती आणि आजीनं स्वतःच सांगून ठेवलं होतं की मी बसीन. पोट्टी आज करू, उद्या करू म्हणून टाळत राहिली. एकदा आजी रागावलीच, "काहून वं, माह्याजवळ बसाले तुले काटे टोचतात का?" पोट्टी मोरीत जाऊन नळ सोडून रडली. मी बाहेरून दार वाजवलं. म्हटलं, डोळे धुऊन बाहेर ये, तिच्या लक्षात येईल.

ती आतून म्हणाली, "आबाजी, मी असं नाही करू शकत."

"सोमवारपर्यंत कर."

शनिवारी दुपारी बायको झोपली तसा मी वर गेलो. पळी मारली नाही, दार ढकललं. मास्तर खाली चटईवर बसून पोरांचं लिहिलेलं तपासत होता. मी उभ्यानंच सांगितलं की तुमच्या तोंडून जर तिला कळलं तर ही खोली त्याच दिवशी रिकामी करायची. सामान मी स्वतः रस्त्यावर टाकीन.

"बसा, काकाजी."

"मले बसायचं नाही."

"काकूनं विचारलं नाही तर मी तोंड नाही उघडणार," तो म्हणाला. "पण विचारलं तर मी नाही म्हणू शकणार नाही. मले येतच नाही ते. तुमाले माहीत हाय."

मी शिव्या दिल्या. त्या इथे लिहीत नाही. तो ऐकत बसला. मी दमलो तेव्हा म्हणाला, "तुमी असं म्हणून राहिले का काकूले धक्का बसेल."

मी म्हटलं, नाही. ती धक्क्यानं पडणारी बाई नाही. तिनं दोन लेकरं गाडली आहेत.

"तुमी असं म्हणता का सांगणं तुमाले जमणार नाही."

"नाही. मी कोणालाही काहीही सांगू शकतो."

"मग तुमी असं म्हणता का सांगितलं तर ती ऑपरेशनले नाही म्हणेल."

मी हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हणता आलं नाही. मला त्या वेळी त्याच्या टाळक्यात पळी घालावीशी वाटली. माझ्यावर वापसी करून राहिला होता, त्याच्या पोट्ट्यांवर करावी तशी, आणि मला कळलंही नाही. खाली येता येता एवढंच डोक्यात आलं की संध्याकाळी ती पुन्हा ताट घेऊन उठेल. आज नाही तर उद्या ती वरच्या पायरीवर बसून त्याला विचारेल, आणि जन्मभराच्या नवऱ्यानं लपवलेली गोष्ट तिला भाडेकरूच्या तोंडून समजेल. ते मला चालणार नव्हतं. मी तिला सांगितलं ते या कारणानं. कोणाच्या शिकवणुकीनं नाही.

ती उठून तुरीच्या शेंगा सोलायला बसली होती. मी समोर बसलो आणि म्हटलं, "तुले कॅन्सर हाय."

असंच म्हटलं. मला दुसरं कसं म्हणतात ते माहीत नाही.

तिनं हातातली शेंग पूर्ण सोलली, दाणे गंजात टाकले. मग म्हणाली, "मले वाटलंच."

"कोणी सांगितलं? मास्तर बोलला?"

"मास्तर कायले बोलते? दवाखान्यातून आल्यापासून तुमी भाजीत मीठ कमी हाय म्हणून एकदाही बोलले नाही. मी मुद्दाम टाकलं नाही, तरी गपचूप खाल्लं. तवाच समजली, काहीतरी मोठं हाय."

मग तिनं मला सगळं विचारलं आणि मी सगळं सांगितलं. पिशवीचं, टेबलावरच्या धोक्याचं. 'काही महिने' मात्र मी सांगितलं नाही. ते तिनं दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा सांगितलं. ती म्हणाली, सोमवारी भरती व्हायच्या आधी डॉक्टरशी मी बोलीन. मी म्हटलं, मी बोललो ना. ती म्हणाली, "तुमी तुमच्यासाठी बोलले."

सोमवारी आम्ही चौघं गेलो. मास्तरानं कॉलेजात सुट्टी टाकली होती. त्याला चल म्हणून कोणी सांगितलं नव्हतं, पण रिक्षात तो ड्रायव्हरशेजारी आधीच बसून होता. कॅबिनच्या दारात बायकोनं मला थांबवलं. "तुमी बाहेर बसा. पोट्टी येईल माह्यासोबत."

मी इतक्या वर्षांत कधी त्या बाईसाठी बाहेर बसलो नव्हतो. दार बंद झालं. आत किती वेळ गेला ते मला माहीत नाही. समोर एक पाण्याचं मशीन होतं, त्यातून थेंब गळत होता, मी तो पाहत बसलो. आत ती हो म्हणते की नाही म्हणते, माझं सगळं त्यावर अडकलं होतं, आणि माझ्या हातात काही नव्हतं. मास्तर बाजूला बसला होता. तो एकदा म्हणाला, "काकाजी, पाणी?" मी म्हटलं, तोंड उघडू नका.

दार उघडलं. पोट्टीचं तोंड पाहूनच मला समजलं. बायको बाकावर बसली, चप्पल काढली, पाय वर घेतले आणि म्हणाली, "मी नाही करणार. घरी चला."

मी मास्तराची कॉलर धरली. लोक पाहून राहिले होते, पाहू द्या म्हटलं. मी म्हटलं, "झालं तुमचं शिक्षण? झाली तुमची वापसी? ही आता मरणार हाय, भाऊ. तुमच्या खरं बोलण्यानं मरणार हाय." नात माझा हात सोडवत होती. त्यानं सोडवला नाही. त्याचा चेहरा असा झाला होता की त्यानं मला मारलं असतं तरी मला नवल वाटलं नसतं.

मी सोडलं तसा तो तिच्यासमोर जाऊन खाली उकिडवा बसला. जमिनीवर, दवाखान्याच्या.

"काकू," तो म्हणाला, "करून घ्या ना ऑपरेशन."

पोट्टी पाहतच राहिली. जन्मात कोणाला सल्ला न देणारा माणूस.

"काही होत नाही त्याच्यात. आजकाल रोज होतात. माह्या मोठ्या बहिणीचं झालं, हेच, पिशवी बसवली, ठणठणीत हाय ती. शेतात जाते. तुमीही जाल. डॉक्टर लोक घाबरवतेच, त्याइचं कामच हाय. मी सांगतो ना तुमाले. करून घ्या."

बायकोनं त्याला पूर्ण बोलू दिलं. मधात तोडलं नाही. मग विचारलं, "मास्तर, तुमाले बहीण कवा झाली?"

त्यानं मान खाली घातली.

"तुमाले जमत नाही ते, नका करू," ती म्हणाली. "आता माहं सांगा. मी काय म्हटलं?"

तिनं पायानं त्याच्या गुडघ्याला ढोसलं, नातवंडाला ढोसावं तसं. "सांगा ना. एवढ्या पोट्ट्यांइले बसवलं माह्यापुढं."

"तुमी म्हणता," तो म्हणाला, "का तुमाले ऑपरेशनची भीती वाटते."

"नाही."

"तुमी म्हणता का तुमच्यापायी घरच्यांले त्रास नको."

"नाही. त्रास तर मी देईनच. या बुढ्याले नाही देऊ तर कोणाले देऊ?"

बाजूच्या बाकावरची एक बाई हसली. मास्तर हसला नाही. त्यानं बाहीनं तोंड पुसलं.

"तुमी म्हणून राहिल्या का जे दिवस उरले ते तुमचे हायेत. आमच्या भीतीसाठी वापरायचे नाहीत."

"हो," ती म्हणाली. "हेच." मग माझ्याकडे पाहून, "ऐकलं का?"

मी ऐकलं. मला पटलं नाही. आजही पटलेलं नाही. मी चूक होतो असं मी कधी म्हटलं नाही आणि म्हणणार नाही. ऑपरेशन झालं असतं तर कदाचित आज ती या खोलीत बसून माझ्यावर खेकसत असती. कदाचित टेबलावरच गेली असती. हे कोणीच मला सांगू शकत नाही. पण तो माणूस, ज्याला बाजूच्या पोराची नोकरी सुटली एवढंही लपवता आलं नाही, त्यानं तिच्यासाठी दवाखान्याच्या जमिनीवर बसून न झालेली बहीण उभी केली. ते मी पाहिलं.

ती हिवाळा काढून गेली. घरीच गेली, माझ्या बाजूच्या खाटेवर. शेवटचे दिवस दुखण्याचे होते, त्याचं कोणाला खोटं सांगणार नाही मी. पण त्याआधी आम्ही दोघं जेवढं बोललो तेवढं लग्नापासून बोललो नव्हतो. भांडलोही. मी मीठ कमी आहे म्हणायला पुन्हा सुरुवात केली आणि ती मला म्हणायची, उठा आणि घ्या. नातीनं तिच्याशी वापसी केली, तीन संध्याकाळी लागल्या. काय बोलल्या ते दोघींनी मला सांगितलं नाही. पोट्टी पास झाली, आता मुंबईकडे कुठेतरी नोकरी करते, फोनवर माझं पूर्ण ऐकून घेते आणि मग नाही म्हणते.

मास्तराची नेमणूक त्याच उन्हाळ्यात पुढं झाली नाही. कॉलेजनं आपणहून कारण सांगितलं नाही, आणि त्यानं विचारलं तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते त्यानं मला सांगितलं नाही. त्याला दुसऱ्या जिल्ह्यात कुठल्या कॉलेजात जागा मिळाली. जायच्या दिवशी मी त्याला जेवायला बसवलं. खिचडी केली होती, करपली. तो म्हणाला, "जळली हाय, काकाजी." मी म्हटलं, खा.

आता दर रविवारी त्याचा फोन येतो. मी विचारतो, काय पायजे? तो म्हणतो, काही नाही. मग मी सुरू होतो. तुझ्यापायी गेली ती. तू आमच्या घरात आला नसता तर तिला बोलायची सवय लागली नसती, मी तिला गुपचूप भरती केलं असतं, सगळं नीट झालं असतं. सगळं सुनावतो. कधी अर्धा अर्धा तास. तो मधात बोलत नाही. आपल्या बाजूनं एक शब्द काढत नाही.

परवा मी दम घ्यायला थांबलो तसा पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "काकाजी, मीही तिले विनवलं होतं."

मी म्हटलं, "माहीत हाय मले. म्हणून तर तुझा फोन उचलतो."